बाकावरची पोरं

डूई : ...पावणेसात फूट उंच, आणि तरी बाहेरून तीन गुणांचे बास्केट टाकतो. टिल्डन कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला आजवर असला पोरगा मिळाला होता का, तूच सांग.

लोर्ना : खुर्चीवरचे पाय काढ. मला तिथं कपडे ठेवायचेत.

डूई : घे, काढले. ब्रॅक्स्टन नाव त्याचं. आपल्याकडे येणार हे काल संध्याकाळी नक्की झालं. सगळं गाव नाचायचंच बाकी राहिलंय, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं तोंड एवढंसं.

लोर्ना : तीन वर्षांत तिसरं कॉलेज त्याचं. पुढच्या वर्षी चौथं.

डूई : असेना. पूर्वी कॉलेज बदललं की वर्षभर बाहेर बसवायचे, म्हणून पोरं एकाच जागी कुढत राहायची. आता तसं नाही. प्रशिक्षक मनात आलं की नोकरी सोडून जातो, मग पोरांनीच का खिळून राहायचं?

लोर्ना : जो आपल्या मनानं जातो, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

डूई : मग तक्रार कशाबद्दल आहे?

लोर्ना : काही नाही. बोल तू. तुला बोलायचंच असतं.

डूई : तुझं दुखणं मला ठाऊक आहे. तुला अजून आपल्या शाळेतला खेळ हवाय. पाच पास, सहा पास, एकानं दुसऱ्यासाठी समोरच्याची वाट अडवून धरायची, आणि मग कुणीतरी हळूच रिंगखालून चेंडू टाकायचा. बाई, तो खेळ संपला. एनबीएतल्या व्यावसायिक संघांचे सामने बघतेस ना? चौघं लांब पसरून उभे राहतात, मधलं मैदान मोकळं, आणि ज्याच्या हातात दम आहे तो एकटा घुसतो.

लोर्ना : आणि बाकीचे चौघं बस येण्याची वाट बघत असल्यासारखे उभे.

डूई : उभं राहणं हेच काम असतं त्यांचं. ते उभे राहतात म्हणून समोरच्यांना आत गर्दी करता येत नाही.

लोर्ना : मी खेळलेय, डूई. तू बघितलंयस. मला काय असतं ते नको शिकवू.

डूई : झालं. आली गाडी तिथेच.

लोर्ना : गुरुवारी रेडिओवर काय बोललास तू?

डूई : ऐकलंस? कार्यक्रमात फोन लावला, तर दोन मिनिटं मलाच बोलू दिलं. नंतर पेट्रोल पंपावर एकानं हात मिळवला माझ्याशी.

लोर्ना : काय बोललास ते इथं बोल.

डूई : हेच की, नवीन पोरं आणायची तर जागा करा. संघात पंधरा जागा, त्यातल्या सहा तर नुसत्या...

लोर्ना : नुसत्या काय?

डूई : तू कशाला असं बघतेस?

लोर्ना : बोल ना. सगळ्या जिल्ह्यासमोर बोलताना जीभ अडखळली नाही तुझी.

डूई : म्हटलं, बाकावर बसून टाळ्या वाजवायला पोरं कशाला पोसायची. त्यांना प्रेमानं निरोप द्या. गावचा पोरगा म्हणून किती दिवस ओझं वाहायचं. असं काहीतरी.

लोर्ना : गावचा पोरगा. टिल्डनच्या संघात या गावची पोरं किती आहेत?

डूई : ...लोर्ना, मी तुझ्या कॉर्बिनबद्दल नव्हतो बोलत.

लोर्ना : किती आहेत?

डूई : अगं, आपला कॉर्बिन वेगळा. मी आपलं सर्वसाधारण बोललो. नाव घेतलं का मी कुणाचं?

लोर्ना : नाव घ्यायची गरजच नव्हती. गावचा तो एकटाच आहे संघात.

डूई : थांब. हे एवढे कपडे कुणाचे?

लोर्ना : तुला काय वाटतं?

डूई : वसतिगृहाला अजून सुट्टी लागलेली नाही. लोर्ना, हे त्याचे कपडे इथं का?

लोर्ना : काल सकाळी त्याला बोलावलं. प्रशिक्षक म्हणाला, तू फार गुणी मुलगा आहेस. सगळ्यात आधी सरावाला येतोस. पण पुढच्या वर्षी तुझ्यासाठी जागा नाही, दुसरीकडे बघ. झालं. संध्याकाळी तुझ्या त्या ब्रॅक्स्टनचं नक्की झालं.

डूई : मला ठाऊक नव्हतं.

लोर्ना : गुरुवारी सगळी पोरं व्यायामशाळेत होती. तिथं रेडिओ लावलेला असतो. तुझा आवाज यायला लागला तशी पोरं हसून त्याला म्हणाली, अरे, तुझा मामा आला. आणि मग हसायची थांबली.

डूई : देवा.

लोर्ना : बाकावरच्या पोरांना नावं ठेवायला तुला आवडतं, ठेव. पण त्याला पहिल्यांदा चेंडू तू हातात दिलास. आमच्या गॅरेजच्या दारावर रिंग तू ठोकलीस. भाड्याच्या गाडीसारखा परत करायचा होता का तो पोरगा?

डूई : मी आत्ता फोन करतो त्या प्रशिक्षकाला. चांगला ओळखतो मला. सांगतो, हा काय प्रकार आहे, घरचा पोरगा...

लोर्ना : खबरदार. गुरुवारी एक बोलायचं आणि शनिवारी दुसरं? त्याची आणखी शोभा करू नकोस.

डूई : मग मी काय करू?

लोर्ना : घरी जा. मला तुझं तोंड बघवत नाहीये.

(जाळीचं दार उघडतं. कॉर्बिन एक खोकं घेऊन ओसरीवर येतो.)

कॉर्बिन : आई, त्याला जाऊ देऊ नकोस. मामा, बस.

डूई : कॉर्बिन, बाळा, माझं ऐक जरा. ते मी जे बोललो...

कॉर्बिन : ते बरोबर होतं.

डूई : बरोबर नव्हतं.

कॉर्बिन : होतं. मी सबंध हंगामात मैदानात किती उतरलो? उतरलो तेव्हा सामना हातातून गेलेला तरी असायचा किंवा जिंकून झालेला तरी. मला राग आला. खूप आला. पण खोटं काय होतं त्यात, ते मला रात्रभर सापडलं नाही.

लोर्ना : म्हणून काय जाहीर सांगायचं?

कॉर्बिन : आई, थोडं थांब. मामा, दोन कॉलेजांनी मला विचारलंय. लहान आहेत दोन्ही. एक नदीपलीकडचं. दुसरं नेब्रास्कात.

लोर्ना : नदीपलीकडचं ठरलंय. तासाभराचा रस्ता. रविवारी घरी जेवायला येता येईल.

कॉर्बिन : तुझं ठरलंय, आई. मला मामाला विचारायचंय. तू या दोन्ही संघांचे सामने बघितलेस?

डूई : बघितलेत.

लोर्ना : हा काय बघत नाही? कुत्र्यांच्या शर्यतीसुद्धा बघेल.

कॉर्बिन : मग सांग. तिथं मी खेळू शकेन का? रेडिओवर बोललास तसं बोल. आई समोर आहे म्हणून गोड बोलू नकोस.

डूई : मला नको विचारू, पोरा. आज नको.

कॉर्बिन : आजच उत्तर द्यायचंय दोघांना.

डूई : ...तुझा डावा हात कच्चा आहे.

कॉर्बिन : माहीत आहे.

डूई : फेकताना चेंडू कमरेपासून उचलतोस. तेवढ्या वेळात समोरचा येऊन पोचतो. लहानपणी चेंडू जड वाटायचा तुला, तेव्हाची सवय आहे. मी मोडायला हवी होती, मोडली नाही.

लोर्ना : पुरे.

डूई : त्यानं विचारलंय, लोर्ना. नदीपलीकडचा संघ मला आवडतो. खूप आवडतो. अगदी एनबीएसारखा पसरून खेळतात. म्हणूनच तिथं जाऊ नकोस. तुला कोपऱ्यात उभं करतील आणि चेंडू आला की लगेच फेक म्हणतील. तुला लगेच फेकता येत नाही. महिनाभरात परत बाकावर बसशील, आणि त्या वेळी तुला खेळच नकोसा होईल.

कॉर्बिन : आणि नेब्रास्का?

डूई : मला बघवत नाही त्यांचा खेळ. कंटाळा येतो. पास, पास, आणखी एक पास. पण तू पास बघतोस, कॉर्बिन. माणूस मोकळा व्हायच्या आधी तुला कळतं की हा मोकळा होणार. ते मी तुला शिकवलेलं नाही. ते हिच्याकडून आलंय. हिला शाळेत बघितलंय मी, अशीच खेळायची. त्यांच्याकडे चेंडू सांभाळणारा पोरगा यंदा शेवटच्या वर्षाला होता. ती जागा रिकामी आहे.

कॉर्बिन : म्हणजे खेळेन?

डूई : पहिल्या दिवसापासून नाही. पण खेळशील. डाव्या हातावर उन्हाळाभर घाम गाळलास तर.

लोर्ना : नेब्रास्का म्हणजे दिवसभराचा रस्ता आहे, डूई. तुला कळतंय का तू काय बोलतोयस? इथून त्याला घालवलंस, आता त्याहून लांब घालवतोयस.

डूई : कळतंय.

लोर्ना : मला एकही सामना बघता येणार नाही त्याचा.

डूई : मी गाडी चालवीन. तू मागे झोप. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही.

लोर्ना : बोलणार नाहीच आहे मी तुझ्याशी.

डूई : बरं.

कॉर्बिन : आई?

लोर्ना : काय?

कॉर्बिन : तू सांग ना. मामानं सांगितलं ते खरं आहे का? तूही खेळलीयेस.

लोर्ना : ...नदीपलीकडे तुला कोपऱ्यात उभं करतील. एवढं मलाही दिसत होतं.

कॉर्बिन : मग बोलली का नाहीस?

लोर्ना : तासाभराचा रस्ता होता.

डूई : लोर्ना, दे ते कपडे. घड्या मी घालतो.

लोर्ना : तुला बाह्यांची घडी घालता येत नाही. खोकं धर. कॉर्बिन, तिकडे थंडी हाडात शिरते म्हणतात. तुझा तो जाड कोट शाळेतला आहे. आता आखूड होत असेल.

कॉर्बिन : बसतो तो, आई. शाळा संपल्यापासून मी इंचभरही वाढलेलो नाही.