रुंद पट्टी, अरुंद पट्टी

—नाही, पण काय ते एकदा नक्की सांगा. परवा तुमच्या कंपनीचा तो उंच माणूस आला, तो म्हणाला ‘अ‍ॅडॅप्टर’ गेलाय. त्याच्या आधीचा म्हणाला ‘कार्ड’. आता तुम्ही म्हणता ‘कंट्रोलर’ — आणि तिघांनी बोट ठेवलं त्याच हिरव्या पाटीवर! आमच्या भुईगावातही एका माणसाला तीन नावं असतात, कबूल — बाप्तिस्म्याचं, घरचं आणि पाठीमागे बोलायचं — पण आजारी पडला तर डॉक्टर एकालाच तपासतो.

बसा, पंखा वळवतो तुमच्याकडे. मी सिप्रियन, या बागायतदार सोसायटीचा हेडक्लार्क. टाइपरायटरवर आयुष्य गेलं, त्याला कधी कंट्रोलर लागला नाही. अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं आणि कमिटीला कॉम्प्युटरची हौस आली. तुमचं म्हणणं कळलं मला — डिस्क धडधाकट, तिच्यावरची माहिती शाबूत, फक्त ती वाचणारा कंट्रोलर मेला. म्हणजे कपाट ठीक, किल्लीवाला गेला. मग बसवा की दुसरा! काय? दुसऱ्या बनावटीचा बसवला तर त्याला हिच्यावरचं लिखाण वाचता येणार नाही, मशीन मुंबईला न्यावं लागेल? वा! आमचा नवा सेक्रेटरीही जुन्याचं काही वाचत नाही, पण म्हणून आम्ही ऑफिस मुंबईला पाठवत नाही. आणि त्या दोन केबल — रुंद पट्टीतून हुकूम जातात, अरुंद पट्टीतून माहिती, बरोबर? इथल्यासारखंच, हुकमाला जागा जास्त. ती रुंद पट्टी कार्डावरून वळते ना, तिच्या खालीच — काय? मला कसं ठाऊक? दिसलं असेल. झाकण मी कशाला उघडतोय! तुमचाच माणूस मशीन बसवताना उघडं टाकून चहाला गेला होता. फादर लुईस आशीर्वादाला आले ते तेव्हाच. पवित्र पाणी आत जाऊ दिलं नाही हां मी — तेवढं कळतं मला.

ते जाऊ द्या. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर कमिटी बसतेय. चेअरमन फर्डिनंड म्हणतो, चालवणारी एकच, तर बिघडवणारीही तीच. रिटा — माझी मुलगी. मशीनवर पोरगी बसते हेच अर्ध्या कमिटीला पचलेलं नाही. तुम्ही रिपोर्टात ‘ऑपरेटरची चूक’ लिहिलंत की ती घरी. खारा वारा लिहा ना! इथे सायकली गंजतात, तुमच्या कंट्रोलरचं काय घेऊन बसलात! गंज नाही? जळल्याचा डाग? धातूचं काहीतरी टेकलंय म्हणता — धातू कुठून येणार आत — चिमट्यात काय आहे ते —

इकडे, उजेडात धरा.

आग्नेसचं आहे. माझ्या बायकोचं, गेली ती. वेलंकनी मातेचं मेडल. रिटा महिनाभर घर उलथंपालथं करून शोधतेय — आणि मीही तिच्याबरोबर पलंगाखाली वाकून बघतोय. आई सांभाळेल म्हटलं पोरीची नोकरी. दोऱ्याने बांधलं होतं हो, घट्ट.

लिहा. ‘बाहेरची वस्तू आत सापडली.’ कोणी ठेवली — सिप्रियन, हेडक्लार्क. हसू नका, लिहा. हसायला फर्डिनंड आहे, रविवारी सगळ्या गावाला हसवेल. रिटाचं नाव कुठे येता कामा नये.

तिच्या चपला वाजल्या. झाकण लावा. ते मेडल द्या इकडे — नको, तिच्या टेबलावर ठेवा. आणि निघा तुम्ही आता.