दाराहून थोडासा उंच

(मुलांनो, जरा कल्पना करा. जपानमधलं सेंदाई शहर, सप्टेंबरची संध्याकाळ. जमिनीवर एक ठेंगणं मेज, मेजावर लॅपटॉप, सोललेल्या नाशपातीच्या फोडी आणि झाकणाला भोकं पाडलेला काचेचा डबा. डब्यात मातीवर काही सुझुमुशी बसलेत. सुझुमुशी म्हणजे कलिंगडाच्या बीसारखे काळे किडे. त्यातला नर पंख घासून घंटी वाजवतो; या डब्यातल्या गाणाऱ्याचं नाव सुझू. मेजाशी आहेत आठ वर्षांची मिओरी आणि विद्यापीठाच्या वरच्या वर्गात मल्टिमीडिया शिकणारी तिची कासुमी मावशी. तुम्ही भिंतीला टेकून बसा, डब्याला धक्का लागू देऊ नका, आणि ऐका.)

मिओरी: मावशी, तू सुझूला गप्प केलंस.

कासुमी: मी? डब्यात बघ. काकडी खातोय तो.

मिओरी: डब्यातला नाही, लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड केलेला. मघाशी गात होता. तू ती रेघ खाली ओढलीस आणि गेला. तुझं "मिओरी, पाय हलवू नकोस" तेवढं राहिलं.

कासुमी: हो, तेच बघत होते. मी लॅपटॉपला सांगितलं, जुन्या टेलिफोनला जेवढं ऐकू येतं तेवढंच ठेव. तर सुझू पार गायब. गंमतच आहे.

मिओरी: टेलिफोनमधून सुझू ऐकू येत नाही?

कासुमी: अजिबात नाही.

मिओरी: पण काल आजोबांनी ऐकला. मी डबा फोनला लावला होता. म्हणाले, "वा, काय गळा आहे!"

कासुमी: …आजोबांच्या घरच्या फोनवर? त्या काळ्या, वायरवाल्या?

मिओरी: त्यांच्याकडे दुसरा आहे का? काच घासायचा फोन नको म्हणतात.

कासुमी: मी आपली उगाच बोलले. घे, नाशपाती खा.

मिओरी: ऐकू आलं नाही आणि आलं म्हणाले. याला काय म्हणतात, मावशी?

कासुमी: लगेच नाव नको देऊस. आधी इकडे ये. हवा थरथरली की आवाज होतो. मी बोलते तेव्हा ती एका सेकंदात काहीशे वेळा थरथरते. सुझू गातो तेव्हा चार हजारांहून जास्त वेळा. थरथर जितकी जास्त, तितका आवाज उंच.

मिओरी: एका सेकंदात? तो तर पंख किती सावकाश हलवतो.

कासुमी: पंखावर कंगव्यासारखे दात असतात, अगदी बारीक. दुसऱ्या पंखाची कड त्यांच्यावरून जाते. तुला एक "रीऽऽन" ऐकू येतो, पण तेवढ्यात किती दात वाजून गेलेले असतात.

मिओरी: …मी त्याला रोज बघते. मला दिसलंच नाही.

कासुमी: मलाही नाही. आता, टेलिफोन बनवणाऱ्यांनी विचार केला, माणूस बोलतो तो किती उंच? तेवढं उंच दार पुरे. सुझू त्या दाराहून थोडासा उंच आहे. डोकं आपटतं आणि बाहेरच राहतो.

मिओरी: थोडासाच?

कासुमी: अगदी थोडासा.

मिओरी: मग बाहेर राहिलेला आवाज जातो कुठे?

कासुमी: कुठेच नाही. इथेच असतो, आपल्याजवळ. तारेत शिरतच नाही.

मिओरी: आणि पलीकडच्या माणसाला कळतही नाही काही राहिलं म्हणून?

कासुमी: माझा सगळा अभ्यास त्याचाच आहे बघ. आमच्या कुराता बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या, काय पाठवायचं ते कुणीही सांगेल, काय टाकायचं ते इथे शिका. फोटोतले बरेचसे रंग आम्ही टाकून देतो. डोळ्याला उजेड आणि सावली बारीक कळते, रंग तेवढे नाही कळत. सिनेमात जे हललं तेवढंच पाठवतो, मागची भिंत जुनीच चालवतो.

मिओरी: म्हणजे मी व्हिडिओवर आईशी बोलते, तेव्हा ती अर्धी नसतेच?

कासुमी: अर्ध्याहूनही कितीतरी कमी असते. उरलेलं गाळलंय हे तुला जाणवू नये, अशीच सगळी योजना. मोडकंतोडकं आलं तरी तुझं डोकं ते जुळवून घेतं, न सांगता.

मिओरी: …मी एवढं काम करते? आणि आई मला आळशी म्हणते.

कासुमी: हे तिला सांगू नकोस, नाहीतर माझा अभ्यास बंद करेल.

मिओरी: मग आजोबांच्या डोक्यानंच सुझू जुळवला असेल. खोटं नसेल ते.

कासुमी: असेलही, नसेलही. हे पुस्तकात नाही. त्यांनाच विचारावं लागेल.

मिओरी: तू विचार.

कासुमी: सुझू तुझा. मी फोन लावून देते, स्पीकर चालू ठेवते. बोल. उचलला त्यांनी.

मिओरी: आजोबा, मी.

आजोबा: मिओ का? जेवलीस?

मिओरी: अजून नाही. प्लास्टर कसं आहे?

आजोबा: खाजतंय. विणायची सुई आत घालून खाजवत होतो, तर शेजारीणबाईंनी सुईच पळवली. दया नाही कुणाला.

मिओरी: आजोबा, काल सुझू खरंच ऐकू आला का?

आजोबा: सांगितलं की. काय गळा आहे…

मिओरी: त्याला गळा नसतो. पंख असतात. तुम्हीच शिकवलंत.

आजोबा: पकडलंस मला. नाही आला ऐकू. तुझा श्वास आला. डब्याला नख लागलं, तेही आलं. तो नाही आला.

मिओरी: मग हो का म्हणालात?

आजोबा: तू केव्हाची डबा धरून उभी होतीस. काय सांगणार, कान गेले म्हणून? म्हातारपणी उंच आवाज आधी जातात, मिओ. माझ्या वडिलांचा सुझुमुशी असाच एका वर्षी गप्प झाला. म्हणून तर काल म्हटलं, पुढच्या वर्षीपासून डबे तूच ठेव. ज्याला ऐकू येत नाही त्यानं कशाला पाळायचे.

मिओरी: म्हणून म्हणालात होय? मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला. आजोबा, कान नाही गेले. दार ठेंगणं आहे.

आजोबा: कुठलं दार?

कासुमी: बाबा, मी समजावते.

मिओरी: नको, मी सांगते. फोनचं दार. माणूस बोलतो तेवढंच उंच केलंय. सुझू थोडासा जास्त उंच आहे. तो इथेच राहतो, आमच्याजवळ. तुम्ही तिकडे दाराशी थांबलेले असता, पण तो निघतच नाही.

आजोबा: कासुमी, खरं सांगतेय का ही?

कासुमी: खरंय, बाबा. काल एखाद्या लहान मुलानं फोन धरला असता, तरी त्यालाही काही आलं नसतं. तुमचे कान आज कसे आहेत ते मी नाही सांगू शकत. पण कालच्या फोनवरून ते ठरत नाही.

आजोबा: जन्मभर पाळले, तरी हे ठाऊक नव्हतं मला. आणि मिओ, त्याचे कान कुठे असतात माहितीये? पुढच्या पायात.

मिओरी: पायात? मग तुमचा पाय मोडला म्हणून मी घाबरायला हवं होतं.

आजोबा: बघा, ही माझी नात.

कासुमी: बाबा, एक करून बघू. त्याचा आवाज मी लॅपटॉपवर संथ करून निम्म्या उंचीवर आणलाय. दारातून वाकून येईल. ऐका.

आजोबा: …आलं काहीतरी. देवळातली घंटा कुणीतरी झोपेत वाजवतंय.

मिओरी: हा सुझू नाही.

कासुमी: त्याचाच आहे गं. फक्त संथ केलाय.

मिओरी: त्याचा आहे. पण तो नाही.

आजोबा: राहू दे, मिओ. प्लास्टर निघालं की मीच येतो.

मिओरी: तोवर थंडी पडेल. सुझू नसेल.

आजोबा: …हो. नसेल.

मिओरी: मावशी, माझा आवाज जातो ना त्या दारातून?

कासुमी: तुझा? जातो की. कळण्यापुरता तर नक्कीच.

मिओरी: आजोबा, फोन कानाला नीट लावा. आता तो गायला लागलाय. तो थांबेल तिथे मी थांबेन.

आजोबा: लावला.

मिओरी: रीऽऽन… रीऽऽन, रीऽऽन…

आजोबा: …

मिओरी: रीऽऽन…

आजोबा: आला. मिओ, आता आला. …आणि ऐक. हे किडे गेले तरी डब्यातली माती टाकू नकोस. माद्यांची अंडी असतील तिच्यात. थंडीभर ओली ठेव. वसंतात निम्मी माती माझी.

मिओरी: रीऽऽन.