अर्ध्या बांधीचा सौदा

लिवता तं लिवा मास्तर, पन मंदात टोकू नका, मी एकदा अटकली का मंग कोटं होती तेच मले आठवत नाई. नाव देवका. माहेर तिरोड्याकडचं, सासर हे, आमगावपासून दोन कोसावर. नऊ वर्साची होती तवा लगन झालं, बंडीत बसून आली, सारी वाट रडली, अन सासूनं बंडीतून उतरल्या उतरल्या पयले माझे हात पाह्यलन, मने हात लांब आहेत, धानाच्या रोवन्याले चांगली. तवापासून हेच हात अन हाच चिखल. तीन लेकरं झाले, दोन पारन्यातच गेले, राह्यली एक फुला. तिचीच गोष्ट आहे हे, माझी कायची गोष्ट.

फुलाचा बा दंडारीत ढोलकी वाजवे. तुमी इकडचे नाई, मनून सांगते. दिवारी सरली का मंडई भरते, अन गावातले मानसं सोंगं घेऊन नाचतेत, गातेत, ते दंडार. पैसा कोनी घेत नाई. पन फुकट मनाल तं फुकटई नाई हं. जो मानूस दंडारीत उभा राहाते त्याची एक बांधी गाव कापून देते. बांधी मंजे धुऱ्यानं बांधलेला धानाचा तुकडा. हा आमच्या गावचा सौदा, लिवलेला कोटं नाई, पन मोडला कोनी नाई. हेच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, का कोनी बिनपैशानं बोलावलन तं पयले आपली बांधी कापून मांगाची.

आता फुला. काय सांगू तुमाले, तिचा गरा असा होता का रोवन्यात तिनं गानं उचललन तं पल्याडच्या वावरातल्या बाया हात थांबवत. लगन करून देल्लं होतं, दोन वर्सात नवऱ्यानं आनून सोडलन, लेकरू होत नाई मने. दोन वर्सात! तो सोता त्याच्या मायले बारा वर्सानं झाला होता, ते नाई आठवलं मेल्याले. फुला आली तवा सतरा-अठराची. घरात हासून राहे, पन बोडीवर, मंजे गावच्या लहान्या तलावावर, पान्याले गेली का बेर लावे, अन येतानी डोरे लाल. मी इचारे, काऊन वं? तं मने माय, डोऱ्यात कचरा गेला. रोजच कसा जाये कचरा.

त्याच साली मंडईत एक बाबू आला. गोंदियाहून रेल्वेनं, संगं एक गडी अन तीन पायाची पेटी. शिनेमा काढतो मने. कोट होता पन कोपरावर फाटलेला. कोन्या कंपनीचा नाई, एकटाच, बायकोचे दागिने इकून ते पेटी घेतलन मने. फुलाले बोडीवरून घागर घेऊन येतानी पाह्यलन अन सीधा आमच्या अंगनात. हिंदीत बोले. माँजी, आपकी बेटी चाहिए, एक महीना, पानी भरनेवाली का काम है, पूरी कहानी उसी की है. मी मनलं मजुरी? तो खाली पाहून मने, पैसा नहीं है माँजी, दो टाइम का खाना दूँगा, और परदे पर नाम आएगा. मी मनलं नाव वाचते कोन इथं? बरं, गानं तं गाईन न ते? तो मने नहीं माँजी, इसमें आवाज नहीं आती.

ऐका आता. गरा घेत नाई, मजुरी देत नाई, मंग घेते काय? चेहरा मने. बस, चेहरा. मी मनलं वा रे वा, लेकीचा चेहरा मंजे बोडीतलं पानी आहे का, जो आला त्यानं भरून न्यावं?

फुलाचा बा मने, जाऊ दे ना, कायले अडवतं? मी इतके वर्सं ढोलकी वाजवून रायलो, कोनाले पैसा मांगितला का? मी मनलं पैसा नाई मांगितला, पन बांधी कापून घेतली का नाई? फुला भिंतीले टेकून उभी होती. तिच्या तोंडावर असा उजेड आला होता, नवऱ्यानं सोडल्यापासून मी तो पाह्यला नव्हता, अन मी पाह्यलं अन पाह्यलं नाई असं केलं. चार दिवस घरात हेच. भात वाढतानी हेच, ढोरं बांधतानी हेच. बुढा हो मने, मी नाई मनो, अन पोरगी आमच्या दोघाच्या तोंडाकडं पाहे.

मंग मी अट टाकली. बाबू, आमची बोडीखालची बांधी कापून दे, मंग ने पोरगीले. मले वाटलं आता पराला हा. तं दुसऱ्या दिवशी सकारी बाबू धुऱ्यावर उभा, कोट काढून, हातात मांगून आनलेला इरा, धान कापाचा. गाव असं हासलं मास्तर! इरा धरे तं जसा कोनाची दाढी कराले आला. पन वाकला तं वाकला, पाठ सीधी नाई केलन, दुपारपर्यंत अर्धी बांधी आडवी केलन, अन मंग इरा बोटावर बसला. रगत थांबे ना. उजवा हात, पेटीचा दांडा ज्यानं फिरवाचा तोच. फुला धावत गेली, आपल्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडलन अन त्याचा हात बांधलन.

तो मने माँजी, बाकी कल. कल कायचा, दुसऱ्या दिवशी हात असा सुजला का मूठ बंद होये ना. मी मनलं अर्धी बांधी मंजे बांधी नाई, सौदा मोडला. फुला मने माय, राह्यलेली अर्धी मी कापते. मी मनलं तू कापशील तं ते त्याची मजुरी कायची? तं मने माय, एवढ्या बारीनं जाऊ दे वं. खाईन तं तुपाशी, नाई तं उपाशी, असा माझा सोभाव. नाई मंजे नाई.

आता लिवूनच घेता तं खरं सांगते. बांधीचं निमित्त होतं. मले भेव होतं. नवऱ्यानं सोडलेली पोरगी परक्या मानसाच्या पेटीपुढं उभी राह्यली तं गाव काय मनन, लोकाच्या जिभेले काई हाड नसते. अन माझ्या माहेराकडून तिच्या दुसऱ्या लगनाची एक गोष्ट चालून रायली होती, ते मोडन असं वाटलं. ते लोक तं पोरगीले पाहालेई आले नाई. त्याच्यासाठी मी अडवली तिले.

मंग बाबू मंजुरेकडं गेला. मंजुरा शेजारची, फुलाची जोडीदारीन, तिच्या मायबापानं एका शब्दात हो मनलं. दुसरी कोनी असती तं जरली असती, पन माझी फुला, तिनंच मंजुरेले शिकवलन, घागर अशी धर, पाय असा टाक, अन मुंडी हरूच फिरव. बाबूले लुगडंई फुलाचंच पाहिजे होतं. तिनं फाटलेल्या पदराले हातभर ठिगर लावलन अन ते लुगडं मंजुरेले नेसाले देल्लन. महिनाभर फुला रोज धुऱ्यावर बसून पाहे. मी जेवाले हाक मारो तं मने, थांब माय, आता मंजी मुंडी फिरवते.

माघात तिले ताप आला. बाबू तवा गेला होता पेटी घेऊन. वैदाचा पाला झाला, देवीले नवस झाला, पाच दिवस ताप उतरला नाई. पाचव्या दिवशी मने माय, शिनेमा आला का वं? मी मनलं येईन, तू उठ, आपन दोघी जाऊ. उठली नाई मास्तर. मंजुरेनं ते लुगडं धुवून आनून देल्लं होतं, तेच मी माझ्या हातानं तिले नेसवलं, अन तेच नेसून ते गेली. तिच्यासंगं जरलं ते, ठिगरासकट.

पुढच्या साली शिवरात्रीले नागऱ्याच्या जत्रेत तंबू लागला. मंजुरा मने काकू चाल, मी नाई मनो, तिनं हात धरून नेलन. बाया एकीकडं, मानसं एकीकडं, पुढं एक जन बाजाची पेटी वाजवे अन एक जन परद्यावरचं लिवलेलं मोठ्यानं वाचून दाखवे. कोनी राजा आला, कोनी गेला, मले काय समजते. अन मंग आमची बोडी दिसली. आमची पार, मंजे बोडीचा बांध, आमचा चिचेचा झाड. अन पारीवरून एक बाई पाठमोरी चालून रायली, घागर घेऊन. पदराले हातभर ठिगर.

जरलेलं लुगडं, मास्तर! मी माझ्या डोऱ्यानं जरतानी पाह्यलेलं. ते चालून रायलं होतं, फुलाच्या चालीनं. मी कोटं आहे ते इसरली, उभी राह्यली अन गरा फाडून हाक मारली, फुले! वं फुले! अन तिनं, जशी काई ऐकू आली, हरूच मुंडी फिरवलन.

मंजुरा होती. अन खरी मंजुरा माझ्या बाजूले बसून माझा हात धरून रडून रायली होती. बाया मने बस वं बुढे, समोरचं दिसत नाई. मी बसली.

आता फुलाचा बा गेला, मी एकटी आहे. स्वराज आलं मनतेत, येऊ दे, साऱ्याईचं भलं होवो. फुलाचे गाने अजून रोवन्यात बाया गातेत, तिचा आवाज माझ्या कानात आहे. पन चेहरा जाऊन रायला मास्तर. हनवटीवर एक खून होती, लहानपनी उंबऱ्यावर पडली होती त्याची, ते डाव्या अंगानं का उजव्या, मले आठवत नाई. मायले आठवत नाई! त्यानं फुकट मांगितला होता चेहरा. मी देल्ला असता तं आज माझ्याजवर असता.

मंजुरा दर दिवारीले माहेरी येते, चार लेकराची माय आहे, देव तिले सुखी ठेवो, येतानी माझ्यासाठी लाडू आनते. मी मनते लाडू ठेव बाई, जराशी चालून दाखव. ते नाई मनत नाई कदी. घागर घेते अन पारीवरून पाठमोरी चालते, फुलानं शिकवलं होतं तशीच, आता केस पिकले तरी तशीच. मी वट्यावर बसून पाहते. हाक येते तोंडात, पन पदर दाबून धरते, मारत नाई. हाक मारली तं ते मुंडी फिरवन.