गिऱ्हाईक म्हणून आलेले बाबा

— नाही नाही, तिकडे नको बाबा, ती खुर्ची माझी. गिऱ्हाईक इकडे, खिडकीपाशी. हो, गिऱ्हाईकच! चार जिने चढून आलात, दार वाजवलंत, 'दुकानाची नवी पाटी करून हवी' म्हणालात — मग काय, लेकीला भेटायला आलात? घ्या, आधी पाणी घ्या. दम खा. — तर असं आहे, माझ्याकडून पाटी करून घ्या, कार्ड घ्या, खोका घ्या, आधी माझ्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. सगळ्यांनाच. मी गिऱ्हाईक पारखून घेते. हसा, हसा! तुम्ही नाही का गादी घ्यायला आलेल्याला विचारत, पाठ दुखते का, पालथे झोपता का? तसंच हे.

पहिला प्रश्न — शेवटचा शब्द कोणाचा? तुमचाच? असं सगळेच म्हणतात. तो दातांचा डॉक्टर पण छातीवर हात ठेवून म्हणाला होता, माझाच. त्याच्या पाटीसाठी छान हसरा दात काढून दिला मी. बायको म्हणाली, दाताला चष्मा हवा. घातला चष्मा. मग मेहुणा उगवला — दात जरा खेळकर करा. अहो, दाताला खेळवून खेळवून किती खेळवणार? शेवटी सासरेबुवा आले, कागद हातात धरला आणि म्हणाले, हा चष्मेवाला मुळा कोण? — तेव्हापासून कानाला खडा!

बरं, मजकूर काय? तुमचं नाव, आणि पुढे — 'अँड सन्स'. सन्स? एक दादा झाला, दुसरा कोण? मला धरलंत की काय? — अहो, गोरेमोरे कशाला होताय, मजकूर तपासणं माझं कामच आहे. पाटीवर खोटं लिहायचं नाही हा माझा नियम. आणि खरं सांगायचं तर तो एक 'सन'सुद्धा जरा — नाही, काही नाही. पाणी देऊ अजून? — काही नाही म्हटलं ना. — बाबा, असं बघू नका माझ्याकडे. — अहो, दादा आला होता परवा. कार्ड करून दे म्हणाला. स्वतःचं. त्यात गादी नाही, उशी नाही — पोहण्याचा शिक्षक! तलावावर काम मिळालंय त्याला, पुढच्या महिन्यापासून. — म्हणजे? बोलला नाही तुम्हाला? मला तर शपथ घेऊन म्हणाला, आजच बाबांना सांगतो. मेलं हे माझं तोंड! बसा, बसा, उठू नका. चिडू नका त्याच्यावर. लहानपणी गाद्यांच्या ढिगावरून उड्या मारायचा, आठवतंय? तुम्ही येईल त्याला कौतुकानं सांगायचात, पोराला धंद्याची आवड आहे. अहो, त्याला उड्यांची आवड होती!

आवड मला होती. — म्हणजे, आपलं असंच. अजूनही दुकानावरून जाताना हात शिवशिवतात. उशा मागे काय कोंबल्यात? पुढे मांडा ना, येणाऱ्याला दाबून बघू दे, डोकं टेकवू दे! आणि तुम्ही दुपारी आतल्या खोलीत जी डुलकी काढता, ती काचेच्या खिडकीत काढा, सगळ्यांसमोर — गादीची याहून चांगली जाहिरात कोणती? पण मला विचारतंय कोण. कधी विचारलंच नाहीत तुम्ही, मग बसले इथे येऊन लोकांच्या दुकानांच्या पाट्या — जाऊ दे. कुठे होते मी? हां, दुसरा प्रश्न. पाटी कधीपर्यंत —

काय?

परत बोला. — मी? दुकानात? — बाबा, इथे प्रश्न मी विचारते. — आणि माझं हे काम? ही दातवाली, मुळेवाली मंडळी? — दुकानाच्या माळ्यावर बसून करू? माळ्यावर कापसाची पोती आहेत. — कधी हलवलीत? — आत्ता हलवाल, म्हणजे अजून हलवली नाहीत. आणि आई काय म्हणेल? — आईनंच सुचवलं! बघा, आणि म्हणे शेवटचा शब्द माझा!

नाही, हे बघा, असं उभ्या उभ्या हो म्हणायचं नसतं. मी कोणालाच म्हणत नाही. गिऱ्हाइकाला आठवडाभर ताटकळत ठेवते आणि मग कळवते. तुम्हाला — उद्या सकाळी सांगते. आता निघा, मला कामं आहेत. घरी गेल्या गेल्या दादावर ओरडू नका. आणि तोवर त्या उशांना कोणी हात लावायचा नाही, त्या माझ्या मी मांडीन — म्हणजे — निघा हो बाबा!