आजींची शिकवणी

दाढ ठणकत होती म्हणून शिंपीणबाई दातांच्या दवाखान्यात गाल धरून मुकाट बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक आजोबा आजींची शाळा घेत होते.

“‘बिटवीन यू अँड आय’ नव्हे गं, ‘बिटवीन यू अँड मी’. किती वेळा सांगायचं?”

“ठाऊक आहे मला.”

“मग काल नातीशी फोनवर चुकीचं का बोललीस?”

“मुद्दाम.”

“मुद्दाम?”

“अहो, मी चुकले की ती पोट धरून हसते, मग मला शिकवत बसते. तास कसा जातो कळत नाही.”

“माझ्याशी मात्र दोन वाक्यांत आटपते.”

“तुम्ही तिच्याच चुका काढता ना.”

आजोबांचं नाव पुकारलं गेलं. ते दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

“ऐक, मलाही एखादी सोपी चूक शिकवून ठेव. आज फोन मी घेतो.”