त्यांचा पक्षी, माझी खिडकी

अध्यक्ष, शेजारीपाजारी, यांच्या शाळेतली मंडळी, आणि पेडण्याहून आलेली माझी सासरची माणसं. तुम्ही सगळे आलात. मला सभेत बोलायची सवय नाही. घरात बोलायचं काम हे करायचे, मी फक्त नको म्हणायचे. आज नको म्हणायला समोर कोणी नाही, म्हणून उभी राहिले आहे. मध्येच आवाज गेला तर थोडं थांबा. मी परत बोलेन.

तुम्ही यांना विनायक सर म्हणून ओळखता. डिचोलीच्या शाळेत गणित शिकवायचे, आणि लोकांनी माळ्यावर टाकलेले कॉम्प्युटर उचलून घरी आणायचे. त्यांत विंडोजच्या जागी लिनक्स घालायचे, चालू करून ज्याला हवा त्याला देऊन टाकायचे. लिनक्सचं चिन्ह तो पेंग्विन. हे त्याला पक्षी म्हणायचे.

मी विंडोजवाली. लग्नपत्रिका, देवळाच्या उत्सवाची निमंत्रणं, चवथीच्या आरत्यांची पुस्तकं, माझं सगळं टायपिंग त्याच्यावर. हात तिथे बसलेला. एका टेबलावर आमचे दोन कॉम्प्युटर, पाठीला पाठ लावून. एकाने दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, हा घरातला नियम. पाहुणा आला की हे आधी चहा विचारायचे आणि मग विचारायचे, तू कोणाच्या बाजूचा?

दसऱ्याला दोन्ही कॉम्प्युटरना झेंडूचे हार. त्यांचा हार नेहमी मोठा. मी म्हणायचे, अहो, हा अन्याय आहे. हे म्हणायचे, "तुका तुझी खिडकी बरी, माका माझो पक्षी बरो." आणि हसायचे. ते हसणं तुम्हाला आठवतं ना? मला दिवसभर तेच ऐकू येतं.

आमचं भांडण कधी मिटलं नाही. खरं सांगू? मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं. संध्याकाळी ते पलीकडे, मी अलीकडे. मॉनिटरमुळे चेहरा दिसायचा नाही, पण माणूस आहे हे कळायचं. मला तेवढं पुरत होतं.

माझा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. हे म्हणायचे, दे, त्यात पक्षी घालतो, धावायला लागेल. मी म्हणायचे, नको. मग यांचं दुखणं निघालं, आणि कॉम्प्युटरचं कोणालाच सुचलं नाही. मला तरी तसंच वाटलं.

बारावं झालं. पाहुणे गेले. मी पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. यांच्या खुर्चीत. म्हटलं, काम नाही करायचं, नुसता चालू करायचा. त्यांचा पक्षी बघायचा. त्यांनी कुठे काय ठेवलंय, ते त्यांचं अवघड जग बघायचं. नियम मोडला म्हणून रागवायला आता कोण येणार?

चालू केला. पक्षी नव्हता. विंडोज होतं. अक्षरं मोठी केलेली, माझ्या चष्म्याला लागतात तशी. माझ्या पत्रिका उजव्या बाजूला, मी ठेवते तशा. सगळं माझं. त्यांचं काहीच नाही.

मी पुण्याला मुलीला फोन केला. मानसी रडायला लागली. म्हणाली, इस्पितळात जायच्या आधी बाबा बसून हेच करत होते, तू देवळात जायचीस तेव्हा. मला फोनवर म्हणाले, "आईक त्रास होऊक नको. तिका सवय आसा तसाच असूं दे."

जन्मभर जे माझ्यासाठी सोडलं नाही, ते जाताना सोडून गेले. लोक म्हणतात, केवढं प्रेम. आहेच. पण मला काय हवं होतं, ते कोणाला सांगू? मला त्रास हवा होता हो. मला तो न कळणारा कॉम्प्युटर हवा होता. तिथे अडले असते, चुकले असते, त्यांच्यावर चिडले असते. तेवढे तरी ते घरात राहिले असते.

आपल्या या वाचनालयाच्या कोपऱ्यात जो कॉम्प्युटर आहे, तो यांनीच चालू करून दिलेला. त्यात पक्षी अजून आहे. आज इथे येऊन आधी तेच बघितलं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा एखादा असेल, तर माझी विनंती आहे, चालतोय तोवर तो तसाच राहू द्या. मी कधीतरी बघायला येईन.

आता आपण उभे राहूया. त्याआधी कोणीतरी तो कॉम्प्युटर चालू करा. त्याचा पंखा जरा आवाज करतो. करू दे. आमच्या घरात संध्याकाळी असाच आवाज असायचा. त्या आवाजात आपण सगळे थोडा वेळ गप्प राहूया.