केशरच्या वयाचा कागद

जबाब, दिनांक १४ मे २००१

नाव नंदाबाई कचरू आर्दड, वय ३६ वर्षे, धंदा घरगुती शिकवणी, राहणार कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना.

मी कोणी न बोलावता स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, मी बारावी पास असून घरी शिकवणी चालवते. आमच्याकडे शेतातल्या वस्त्यांवर राहणाऱ्या काही घरांनी पोरांची नावे शाळेत घातलेलीच नाहीत. शाळा लांब पडते. बाप, आजा, घरात जो चार बुके शिकलेला असेल तो घरीच शिकवतो. बाजाराच्या दिवशी ही पोरे आईबापांबरोबर गावात येतात. बाजार होईस्तोवर ती माझ्या पडवीत बसली तर त्यांचा आठवड्याचा अभ्यास तपासता येईल, असे मनात आणून मी १९९८ साली शिकवणी सुरू केली. पहिल्या बाजाराला तीन पोरे आली. हल्ली सव्वीस येतात.

मी जालन्याहून शिकवणीच्या नावाचा शिक्का करून आणला व कागद छापून घेतले. शिक्का मारताना हेडमास्तरीण झाल्यासारखे वाटे, हे कबूल करते. आठवड्यात मधेच कोणाला दाखला लागला तर पुढल्या बाजारापर्यंत त्याचे काम अडू नये, म्हणून मी पालकांना सही-शिक्क्याचे कोरे कागद देऊन ठेवत असे. मजकूर ते घरी लिहून घेत. यात काही वावगे आहे असे मला तेव्हा वाटले नाही.

वसंता रामराव खैरे यांची मुलगी केशर पहिल्या वर्षापासून माझ्याकडे येते. पोरगी फार हुशार. तिचे कौतुक मी बाजारभर सांगत सुटले होते.

दिनांक १२ मे रोजी सकाळी दहाच्या सुमारास मी वसंताच्या वस्तीवर लग्नाला गेले. लग्न थोरल्या मुलीचे, अशी माझी समजूत होती. मांडवात पाहते तो मुंडावळ्या केशरच्या कपाळाला. मी वसंताला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बाई, मंग काय करावं? मंठ्याकडचं सोयरं हाय. पोरगी शिकलेली म्हणून आलेत. तुमच्यामुळंच जमलं बघा."

एवढ्यात ठाण्यातून जमादार व एक शिपाई आले. मुलगी लहान असल्याची तक्रार आहे, असे ते म्हणाले. वसंताने खिशातून कागद काढून दिला. जमादारांनी, इथे नंदाबाई कोण, असे विचारले. मी पुढे झाले. त्यांनी कागद माझ्यासमोर धरून विचारले, "बाई, सही तुमचीच का?" सही माझी, शिक्का माझा. मी म्हणाले, "होय, माझीच." त्यानंतर माझी नजर वर मजकुरावर गेली. वय एकोणीस वर्षे पूर्ण, असे लिहिले होते. मांडवातली सगळी माणसे माझ्याकडे पाहत होती. आता तोंड उघडले तर शिकवणी बुडेल, एवढेच मला सुचले. जमादार गेले. मंगलाष्टके झाली. अक्षता माझ्याही हातात होत्या. त्या मी टाकल्या.

केशर चौदा वर्षांची आहे. तिचा व माझ्या मुलीचा जन्म एकाच आठवड्यातला असून तिची आई तुळजाबाई व मी एकाच सुईणीच्या हातून मोकळ्या झालो. सुईण गोजरबाई हयात आहे, तिला विचारावे. केशरला त्याच दिवशी सासरी नेले. तिला परत आणावे, ही माझी विनंती आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.

तक्रार कोणी केली होती, असे मी आज विचारले असता जमादारांनी मला एक पोस्टकार्ड दाखवले. त्यावरील अक्षर केशरचे आहे, ते मी ओळखते. मजकूर असा: "साहेब, माझं लगीन लावून राह्यलेत. मी चौदा वर्षांची हाय. माझं खरं वाटलं न्हाई तर आमच्या नंदाबाईंना विचारा. त्या खोटं बोलत न्हाईत."

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. यातला एकही शब्द सौम्य करू नये.

सही
नंदाबाई कचरू आर्दड